ताऱ्याला थोपवणारा काचकामगार

दुर्बीण म्हटली की आपल्याला गॅलिलिओ आठवतो, न्यूटन आठवतो. भिंग केवढे, आरसा किती इंचांचा, याची चर्चा होते. पण ती दुर्बीण ज्या बैठकीवर उभी असते त्या बैठकीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. देवळात जाणारा माणूस कळसाला हात जोडतो. जोत्याचे दगड कुणी घडवले हे तो विचारीत नाही. प्रस्तुत लेख जोत्याचे दगड घडवणाऱ्या अशाच एका माणसाविषयी आहे. त्याचे नाव योझेफ फॉन फ्राउनहोफर. विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणींना हे नाव सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांमुळे ठाऊक असेल. माझी त्याच्याशी ओळख निराळ्या वाटेने झाली.

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला. एका हौशी निरीक्षकांनी आपली दुर्बीण आणली होती. तिची बैठक, म्हणजे ज्याला ही मंडळी माउंट म्हणतात ती, संगणकावर चालणारी होती. त्यांनी प्रथम व्याध आणि रोहिणी हे दोन तारे दुर्बिणीच्या मधोमध आणून यंत्राला त्यांची ओळख करून दिली. मग हातातल्या छोट्या कळफलकावर मृग नक्षत्रातील तेजोमेघ निवडला. दुर्बीण बारीक घरघर करीत आपली आपण वळली आणि थांबली. रांगेत पुष्कळ विद्यार्थी होते. माझी पाळी येईपर्यंत बराच वेळ गेला. तरी तेजोमेघ आणि त्याच्या पोटातले चार चिमुकले तारे नेत्रिकेच्या मध्यावरच होते. सर्वांचे पाहून झाल्यावर त्या गृहस्थांनी मुद्दाम मोटार बंद केली. पाहता पाहता ते चार तारे एका बाजूला सरकू लागले आणि मिनिटाभरात कडेबाहेर गेले. पृथ्वी फिरते हे वाक्य आपण चौथी-पाचवीपासून पाठ म्हणत आलो. ती खरोखर फिरते आहे हे मला त्या मिनिटात दिसले.

ताऱ्याला असे जागच्या जागी थोपवून धरण्याची युक्ती कुणाची, असे मी त्यांना विचारले. त्यांनी जे नाव सांगितले ते घेऊन मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले. मी इतिहासाची विद्यार्थिनी. कला शाखेच्या मुलीने दुर्बिणीवर काय लिहावे, असे कुणाला वाटेल. परंतु मला जे सापडले तो मुळात एका माणसाचा इतिहास होता, आणि तो मला आपल्यापैकी अनेकांच्या फार जवळचा वाटला.

फ्राउनहोफरचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील श्ट्राउबिंग या गावी झाला. वडील काचकाम करणारे. खिडक्यांना तावदाने बसवणे हा त्यांचा धंदा. योझेफ हे त्यांचे अकरावे अपत्य. पोरगा कळता झाला तो वडिलांच्या हाताखाली काच कापतच. शाळा त्याला फारशी लाभली नाही. तो दहा वर्षांचा असताना आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. अकराव्या वर्षी अनाथ झालेल्या या मुलाला पालकांनी १७९९ मध्ये म्युनिक शहरात दरबारचा आरसे बनवणारा कारागीर वाइक्सेलबेर्गर याच्याकडे उमेदवारीला ठेवले. शिकवणीची फी देण्याची ऐपत नसल्यामुळे सहा वर्षे बिनपगारी राबावे, असा करार झाला.

मालक कठोर होता. कामगारांच्या मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी भरणारी शाळा त्या शहरात होती. तेथे जायला तो परवानगी देत नसे. पोराने रात्री पुस्तक वाचलेले त्याला खपत नसे. काच घासणाऱ्याला अक्षर कशाला हवे, असा त्याचा साधा हिशेब असावा. आपल्याकडे हा हिशेब फार दूरच्या काळातला नाही. माझ्या आजीची पिढी या हिशेबात गेली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि मलासुद्धा इतिहास शिकून काय करणार, हा प्रश्न गावात आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. म्हणून या मुलाचे लपूनछपून वाचणे मला नुसती चरित्रातील शोभेची गोष्ट वाटत नाही.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर एकाएकी कोसळले. मालकाची बायको ढिगाऱ्याखाली दगावली. चौदा वर्षांचा योझेफ तुळयांच्या आडोशाला अडकून जिवंत राहिला. त्याला बाहेर काढायला कित्येक तास लागले. बव्हेरियाचा राजा, त्या वेळी त्याला इलेक्टर म्हणत, मॅक्सिमिलियन योझेफ हा स्वतः त्या जागी आला होता. पोरगा वाचला याचा त्याला आनंद झाला आणि त्याने त्याला अठरा सोन्याची नाणी दिली. त्याच वेळी उट्झश्नायडर नावाच्या एका कर्तबगार उद्योजकाचे लक्ष या मुलाकडे वेधले. त्याने त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली.

अठरा नाण्यांचे त्या मुलाने काय करावे? नवे कपडे, चार दिवस पोटभर जेवण, हे कुणालाही सुचेल. त्याने भिंगे घासण्याचे एक यंत्र घेतले. पुढे उरलेल्या पैशांतून त्याने आपल्या उमेदवारीची शिल्लक मुदत विकत घेऊन स्वतःची सुटका करून घेतली. मधल्या काळात भेटीची कार्डे कोरून देण्याचा धंदाही त्याने करून पाहिला. पण ते युद्धाचे दिवस होते, गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याला पुन्हा जुन्या मालकाकडे मजुरी करावी लागली. १८०६ मध्ये उट्झश्नायडरने त्याला रायखेनबाख व लीबहेर यांच्यासह चालवलेल्या यंत्रशाळेत घेतले. या यंत्रशाळेत भूमापनाची व खगोलाची उपकरणे बनत. यंत्रे उत्तम होती, पण त्यांत बसवायला चांगली काच नव्हती.

काच नव्हती म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. एका भिंगातून पाहिले की प्रतिमेच्या कडेला रंग दिसतात. ते घालवायचे तर क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची भिंगे जोडीने बसवावी लागतात. पण फ्लिंट काच जड. वितळलेली असताना तिचा जड भाग तळाशी बसतो, आणि थिजल्यावर काचेत शिरा व लाटा उमटतात. मोठा निर्दोष तुकडा मिळणे मोठ्या नशिबाचे काम होते. गिनाँ नावाच्या एका स्विस कारागिराने ही अडचण पुष्कळशी सोडवली होती. भाजलेल्या मातीच्या दांड्याने तो वितळलेली काच सतत ढवळीत असे. आपल्याकडे गुऱ्हाळावर काकवी कढताना गुळव्या ज्या निष्ठेने उलथणे फिरवतो, तशीच ही निष्ठा. उट्झश्नायडरने गिनाँला म्युनिकच्या दक्षिणेस आल्प्सच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न येथे आणले होते. तेथील जुना मठ १८०३ मध्ये सरकारने खालसा केला होता. त्याच्या आवारात काचेची भट्टी पेटली, आणि १८०७ मध्ये फ्राउनहोफरही तेथे गेला.

दोन वर्षांत, म्हणजे बाविसाव्या वर्षी, तो त्या कारखान्याचा भागीदार व भिंगविभागाचा प्रमुख झाला. पुढे भट्टीही त्याच्या देखरेखीखाली आली. वयाने कितीतरी मोठा असलेला गिनाँ १८१४ मध्ये स्वित्झर्लंडला परत गेला. फ्राउनहोफरने भिंगे घासण्याची व पॉलिश करण्याची अशी यंत्रे बनवली की कामगाराच्या हाताच्या कमीजास्त दाबाने भिंग बिघडू नये. परंतु त्याचे खरे वेगळेपण निराळ्या गोष्टीत होते. त्या काळचे बहुतेक कारागीर भिंग घासत, पाहत, पुन्हा घासत. याला आधी गणित मांडायचे होते. काचेचा प्रत्येक तुकडा कोणत्या रंगाला किती वळवतो हे अचूक मोजल्याशिवाय गणित मांडता येईना. आणि रंग मोजायचा तर तो नेमका कुठे सुरू होतो व कुठे संपतो? इंद्रधनुष्यात तांबड्याची आणि नारिंगीची शीव कुणी दाखवू शकेल काय?

ही शीव शोधताना त्याला १८१४ मध्ये ती प्रसिद्ध गोष्ट सापडली. दिव्याच्या वर्णपटात एका जागी त्याला एक ठळक पिवळी-नारिंगी रेषा दिसली होती. सूर्यप्रकाशातही ती असते का, हे पाहावे म्हणून त्याने अंधाऱ्या खोलीच्या झडपेतील बारीक फटीतून ऊन आत घेतले, ते लोलकावर पाडले आणि भूमापनाच्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून वर्णपट पाहिला. तेजस्वी रेषेऐवजी त्याला काळ्या रेषा दिसल्या. एक-दोन नव्हे, शेकडो. वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्ये अशा काही रेषा पाहिल्या होत्या, पण त्याने त्यांचा पाठपुरावा केला नाही. फ्राउनहोफरने ५७४ रेषांच्या जागा मोजून नकाशा काढला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. आजही तीच अक्षरे वापरतात. शुक्राच्या प्रकाशात त्याला सूर्यासारख्याच रेषा दिसल्या, कारण शुक्राचा प्रकाश सूर्याचाच. व्याधाच्या प्रकाशात मात्र निराळ्या. म्हणजे या रेषा आपल्या हवेमुळे किंवा काचेतील दोषामुळे पडत नाहीत, त्या मूळ प्रकाशातच आहेत, हे त्याने जाणले. त्यांचा अर्थ काय हे मात्र तो हयात असेपर्यंत कुणालाच उमगले नाही. १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बन्सेन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेषा असतात; आणि ताऱ्यात काय आहे हे घरबसल्या सांगणारे शास्त्र जन्माला आले.

फ्राउनहोफरला स्वतःला या रेषांचा उपयोग मैलाच्या दगडांसारखा होता. डी रेषेला ही काच किती वळवते, एफ रेषेला किती, असे तो आता नेमके लिहू शकत होता. ज्या शोधासाठी जग त्याला ओळखते तो शोध त्याने चांगली भिंगे बनवण्याच्या खटपटीत, जाता जाता लावला. पुढे १८२१ च्या सुमारास त्याने दोन बारीक आट्यांच्या मळसूत्रांमध्ये २६० तारा समांतर ताणून जालक तयार केले आणि प्रकाशाच्या लहरींची लांबी मोजली. हेही काम काच घासणाऱ्याचेच. फक्त त्याला आता कुणी वाचायला मना करीत नव्हते.

आता ज्या बैठकीपासून हा लेख सुरू झाला तिच्याकडे वळू.

आकाशातील तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात ते पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत ही फेरी पुरी होते. म्हणजे दर ४ मिनिटांनी आकाश सुमारे एक अंश सरकते. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. पण दुर्बीण जशी ताऱ्याला मोठे करते तशीच त्याच्या पळण्यालाही मोठे करते. साधी दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी दोन दिशांनी फिरते. तिच्यातून तारा धरून ठेवायचा तर दोन्ही दिशांनी, तेही सतत बदलत्या वेगाने, तिला हलवावे लागते. परंतु एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखून, तिरपा बसवला तर त्या एकाच आसाभोवती, एकाच संथ वेगाने दुर्बीण फिरवली की पुरे. यालाच विषुववृत्तीय बैठक म्हणतात. आसाचा तिरपेपणा त्या जागेच्या अक्षांशाइतका. पुण्यात तो सुमारे साडेअठरा अंश होईल.

ही कल्पना फ्राउनहोफरच्या आधीची आहे. घड्याळाने दुर्बीण चालवावी हेही आधी लोकांना सुचले होते. पण चार मीटरांहून लांब नळीला, तिच्या साऱ्या वजनासकट, सेकंदासेकंदाने न थरथरता ताऱ्याबरोबर चालवणे कुणाला साधले नव्हते. रशियन साम्राज्यातील दोर्पात विद्यापीठासाठी त्याने जी दुर्बीण बनवली तिच्यात ते साधले. हे दोर्पात म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू. १८२४ मध्ये ती तेथे पोचली. तिच्या भिंगाचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर. इतके मोठे निर्दोष जोडभिंग तोपर्यंत कुणी बनवले नव्हते. ध्रुवाकडे रोखलेल्या आसाच्या वरच्या टोकाला दुसरा आडवा आस, त्याच्या एका टोकाला दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला तिला तोलणारे वजन. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही रचना. त्यामुळे एवढी अवजड दुर्बीण बोटाने ढकलली तरी फिरे. मग तिला चालवायला लागणारी शक्ती ती किती? दोरीला टांगलेले एक वजन हळूहळू खाली उतरे आणि दातेरी चाकांमार्फत आसाला फिरवी. वजन एकदम घसरू नये म्हणून त्याने केंद्रोत्सारी प्रेरणेवर चालणारा वेगनियंत्रक बसवला होता. ना वीज, ना मोटार. तरी तारा नेत्रिकेत स्थिर!

दोर्पातचा ज्योतिर्विद श्ट्रूव्ह याने या दुर्बिणीने सुमारे १,२०,००० तारे तपासले आणि १८२७ मध्ये ३,११२ युग्मताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. तारा पळत असता तर जवळजवळच्या दोन ताऱ्यांमधील अंतर मोजणे त्याला कसे जमले असते? या तऱ्हेच्या बैठकीला पुढे जर्मन बैठक असेच नाव पडले. तिच्याच नमुन्यावर बनलेल्या बर्लिनच्या दुर्बिणीतून २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गाल याने नेपच्यून शोधला. फ्राउनहोफरने आरंभ केलेल्या दुसऱ्या एका उपकरणाने, कोनिग्सबर्गच्या हेलिओमीटरने, बेसेलने १८३८ मध्ये ६१ हंस या ताऱ्याचे अंतर मोजले. आणि १७ जुलै १८५० रोजी अमेरिकेत हार्वर्ड येथे अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले गेले, सूर्याखेरीज इतर ताऱ्याचे पहिलेच, तेव्हा ती दुर्बीणही फ्राउनहोफरच्या वारसदारांच्या, मेर्त्स आणि माहलर यांच्या कारखान्यातील होती. आज घराच्या गच्चीवरून दीर्घिकांची छायाचित्रे घेणारे हौशी लोक ज्या बैठका वापरतात त्यांतील फार मोठा भाग याच घराण्यातला आहे. खाली उतरणाऱ्या वजनाच्या जागी मोटार आली, निरीक्षकाच्या डोळ्याच्या जागी छोटा कॅमेरा आला. तो एका ताऱ्यावर नजर ठेवतो आणि बैठक केसभर चुकली की तिला सावरतो. पण तिरपा आस आणि पलीकडचे वजन तेच आहे.

संगणकाने एक बदल मात्र मोठा केला. दोन्ही दिशांनी बदलत्या वेगाने दुर्बीण हलवणे जे माणसाला अशक्य होते ते संगणकाला सोपे झाले. १९७५ मध्ये सोव्हिएत रशियातील कॉकेशस पर्वतावर ६ मीटर आरशाची दुर्बीण साध्या वर-खाली, डावी-उजवी बैठकीवर उभारली गेली व संगणकाने चालवली गेली. तेव्हापासून जगातील मोठ्या दुर्बिणी तशाच होऊ लागल्या. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यात गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली आयुकाची २ मीटरची दुर्बीण, आणि नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. अशा बैठकीवर तारा मध्यावर राहतो, पण सभोवतालचे चित्र हळूहळू गरगरते. म्हणून छायाचित्र घेताना कॅमेराही उलट फिरवावा लागतो. फ्राउनहोफरच्या तिरप्या आसावर हे संकट मुळातच येत नाही.

त्याच्या रेषांचा आणि महाराष्ट्राचाही संबंध आला आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर विजयदुर्गावर, तर पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उपकरणे घेऊन बसले होते. दोघेही सूर्याच्या कडेच्या प्रकाशात रेषाच शोधीत होते.

आता या चरित्रातील मला सर्वांत बोचलेला भाग. १८१७ मध्ये म्युनिकच्या विज्ञान अकादमीने फ्राउनहोफरला बाहेरचा, पत्रव्यवहारापुरता सभासद करून घेतले. पुढे त्याला वरच्या दर्जाचे सभासदत्व देण्याचा विषय निघाला तेव्हा काही विद्वानांनी हरकत घेतली. हा विद्यापीठात शिकलेला नाही, हा कारागीर आहे, चांगली भिंगे बनवणे म्हणजे विद्वत्ता नव्हे, असा त्यांचा सूर होता. ज्या माणसाने सूर्यातील ५७४ रेषा मोजल्या त्याच्यापाशी शाळेचा दाखला नाही, हे त्यांना खुपत होते. अखेरीस तडजोड होऊन त्याला १८२१ मध्ये असाधारण सभासदत्व मिळाले. एर्लांगेन विद्यापीठाने १८२२ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली, १८२४ मध्ये राजाने सरदारकी दिली आणि नावात फॉन हे बिरुद आले. लहानपणी मालक म्हणत होता की कामगाराला पुस्तक कशाला. मोठेपणी पंडित म्हणू लागले की पुस्तकवाल्यांत कामगार कशाला. दोन्ही दारांवर एकच कुलूप होते.

माझे वडील सुतार आहेत. त्यांची शाळा चौथीत सुटली. आकाशदर्शनानंतर मी त्यांच्या मदतीने एक साधे साधन करून पाहिले. हौशी निरीक्षकांत ही युक्ती जुनी आहे. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, बिजागरीची खीळ ध्रुवताऱ्याकडे रोखायची, आणि खिळीपासून सुमारे २२९ मिलिमीटरांवर एक आटेदार सळई बसवायची. आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असले म्हणजे सळई मिनिटाला एक फेरा फिरवताच वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. मापे मी वहीत मांडली. फळी आत वाकते आहे, बिजागरीत केसभर खेळ आहे, हे वडिलांनी नुसते बोट फिरवून सांगितले. गुण्या लावून त्यांनी खालचा कोन साधला तेव्हा अक्षांश हा शब्द मी त्यांना समजावीत होते आणि तो कोन त्यांच्या हातात आधीच होता. एका फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्याने त्या फळीवरून घेतलेल्या दोन मिनिटांच्या छायाचित्रात कृत्तिकांचे तारे ठिपक्यांसारखे आले. फळी स्थिर ठेवून घेतलेल्यात त्यांच्या रेघा झाल्या. वडिलांनी दोन्ही छायाचित्रे बराच वेळ पाहिली आणि पुढच्या वेळी बिजागरी पितळेची घेऊ, एवढेच म्हणाले. इतिहासाच्या तासाला आपण ज्ञानाचा प्रसार हा विषय शिकतो. त्या प्रसाराच्या वाटेवर अशी किती बोटे असतील, ज्यांची नोंद कुठल्याच अकादमीच्या दप्तरात झाली नाही?

फ्राउनहोफर ७ जून १८२६ रोजी म्युनिकमध्ये क्षयाने वारला. वय अवघे एकोणचाळीस. त्याने लग्न केले नव्हते. काचेच्या भट्टीतील विषारी वाफांनी त्याची प्रकृती ढासळली असावी असे पुष्कळजण मानतात. त्याच्या जुन्या सहकाऱ्याला, रायखेनबाखला, जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दोघांच्या समाधी शेजारी शेजारी आहेत. याने तारे जवळ आणले, अशा अर्थाचे लॅटिन शब्द फ्राउनहोफरच्या समाधीवर कोरले आहेत. १९४९ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या एका मोठ्या संशोधनसंस्थेला त्याचे नाव दिले आहे. संशोधन आणि कारखाना यांची सांगड घालणे हेच तिचे काम.

अशी चरित्रे सांगून झाली की शेवटी जिद्द असली तर सर्व काही साध्य होते, असा बोध काढण्याची आपली रीत आहे. मला तो बोध काढवत नाही. जिद्द त्याच्यापाशी घर कोसळण्याच्या आदल्या दिवशीही होती. ती असूनही तो आणखी चार वर्षे आरसे घासत राहिला असता, आणि नंतर जन्मभरही. फरक पडला तो अठरा नाण्यांनी आणि कुणीतरी हातात ठेवलेल्या चार पुस्तकांनी. त्या काळी म्युनिकच्या गल्ल्यांतून असे आणखी किती उमेदवार पोरगे राबत असतील! त्यांची घरे कोसळली नाहीत, म्हणून राजा त्यांच्याकडे आला नाही. कुणाला पुस्तक मिळावे याकरिता छप्पर अंगावर पडण्याची वाट पाहावी लागू नये, यासाठीच तर ग्रंथालये, शिष्यवृत्त्या आणि आपल्यासारखी तालुक्याच्या गावची महाविद्यालये असतात. येथे आपल्यापैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिलेच आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी, कुठल्यातरी रूपाने, ती अठरा नाणी दिली आहेत; त्यांचे यंत्र घ्यायचे की काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.